गाण्यांना जागा करणारी उज्वला

सातपूरच्या बसथांब्याजवळ, चपलांच्या दुकानाच्या पायरीला लागून उज्वलाचं टेबल आहे. टेबलावर एक जुना लॅपटॉप, सोल्डरिंग गन, आणि प्लास्टिकच्या डब्यांत नखाएवढी मेमरी कार्डं. पाटीवर लिहिलंय, ‘गाणी भरून मिळतील. प्लेयर रिपेअर.’ पाटी वाचून येणारे जाणारे हसतात. मोबाइलच्या जमान्यात गाणी कोण भरून घेतं? हसू देत बापडे. ज्यांच्या कंपनीत गेटवरच मोबाइल जमा करून घेतात ते कामगार भरून घेतात. द्राक्षाच्या बागेत दिवसभर कात्री चालवणाऱ्या बाया भरून घेतात. आणि गाणं ऐन रंगात आलं असताना व्याह्याचा फोन येऊ नये असं वाटणारी म्हातारी माणसंही भरून घेतात. ती शहाणीच म्हणायची.

उज्वला पूर्वी इथल्याच एका कारखान्यात सर्किट बोर्डाच्या लाइनवर होती. लाइन बंद पडली, बरोबरीच्या बाया घरी बसल्या. हिने टेबल मांडलं. नवरा दीपक रिक्षा चालवतो. तो म्हणाला, “लोक काय म्हणतील?” ही म्हणाली, “लोक म्हणतील, प्लेयर चालत नाही, बघता का जरा.” आणि झालंही तसंच.

तोंडाने बाई फटकळ, पण हाताला यश आहे. तुटलेली वायर, सैल झालेली हेडफोनची खाच, फुगलेली बॅटरी, सगळं तिच्या हाताखालून नीट होऊन जातं. निम्म्या प्लेयरांना तर झालेलंच नसतं काही. बाजूचं लॉकचं बटण सरकलेलं असतं आणि मालक तोंड पाडून उभा. “काका, प्लेयर ठणठणीत आहे. तुम्हीच त्याला कुलूप घातलंय,” असं ती चारचौघांत सांगते. काका ओशाळतात, पण पुढच्या खेपेला पुन्हा तिच्याकडेच येतात.

सगळ्यात मोठं गाऱ्हाणं मात्र जागेचं. ‘मेमरी फुल’ म्हणतंय, नवं गाणं घेत नाही. त्यावर उज्वलाचा एक ठरलेला इलाज होता. या छोट्या प्लेयरांना आवाज टिपायचं बटण असतं आणि ते खिशात आपोआप दाबलं जातं. मग तासन्‌तास टिपलं जातं काय, तर बसची खडखड, मशीनची घरघर, एखाद्या वॉचमनचं घोरणं. म्हणून ती कार्ड लावलं की आधी रेकॉर्डिंगचा फोल्डर उघडायची, पहिल्या फाइलला कान लावायची, खडखड ऐकू आली की अख्खा फोल्डर पुसून टाकायची. विचारत नसे कुणाला. केर काढताना घरधन्याला कोण विचारतं, असं तिचं म्हणणं.

लताबाईंचा प्लेयर तिने असाच साफ केला.

लताबाई मूळच्या मनमाडच्या. इथे एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये चपात्या लाटतात आणि वस्तीतल्या बायकांच्या भीमगीतांच्या संचात मागे उभ्या राहून कोरस धरतात. त्या दिवशी येऊन म्हणाल्या, “जय भीम उज्वला. याच्यात जागा नाय म्हणतंय. जयंतीची जुनी गाणी टाक, तालमीला पायजेत.” उज्वलाने फोल्डर उघडला, कान लावला. ताटांचा खणखणाट. पुसला. वर काठोकाठ गाणी भरली आणि प्लेयर हातात दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी लताबाई परत आल्या. रागावलेल्या नव्हत्या, चेहराच उतरलेला होता. “माझी गाणी कुठंयत?”

“भरली ना मावशी, ही काय.”

“ही लोकांची. माझी कुठंयत?”

मग उलगडा झाला. चपात्या लाटता लाटता लताबाईंना गाणी सुचत. लिहायला बसलं की पळून जात, म्हणून त्या प्लेयर पदरात बांधून बटण दाबून ठेवत आणि लाटत लाटत गात. एकदा आत गेलं की डोक्यातून मोकळं. यंदा पहिल्यांदाच संचाने त्यांना पुढे उभं करायचं ठरवलं होतं. जयंतीला, स्टेजवर, स्वतःचं गाणं घेऊन. ते गाणं ताटांच्या खणखणाटामागे होतं, आणि उज्वलाने ते केरात टाकलं होतं.

उज्वलाने कार्ड काढून पुन्हा लॅपटॉपला लावलं. पुसलेलं परत आणायचा प्रोग्राम तिच्याकडे होता. पण पुसलेल्या जागेवर दुसरं काही भरलं की तोही हात टेकतो. आणि ती जागा तिनेच काठोकाठ भरली होती. तरी तिने उरलेला दिवस दुसरं काम घेतलं नाही. फाइली निघाल्या त्या मोडक्या. नुसती खरखर. एकाच तुकड्यात लताबाईंचा आवाज होता, एका कडव्यापुरता. उज्वला तो तुकडा कानाला लावून बसली, पुनःपुन्हा, खरखर थोडी कमी करत, आणखी थोडी कमी करत. शेवटी शब्द न्‌ शब्द लागला.

“हे शेवटचं कडवं,” लताबाई ऐकून म्हणाल्या. “आधीची दोन कुठली आठवायला! पोळपाटापाशी बसल्याशिवाय मला नाय येत काय.”

“मग बसू,” उज्वला म्हणाली.

ती टेबल झाकून कॅन्टीनला गेली. लताबाईंनी लाटणं धरलं, समोर उज्वला गोळे करायला. पहिली परात संपली, काही नाही. उज्वलाने मुकाट्याने पुढची कणीक ओढली. आणि लाटण्याच्या लयीत लताबाईंचे ओठ हलायला लागले:

‘माय माझी मनमाडाची, कोळशाची पाटी डोई
पाटीखालून म्हणे, लेकी, तुझ्या हाती येवो शाई’

उज्वलाचे हात पिठात थांबले. तिला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही.

जयंतीच्या संध्याकाळी उज्वला दीपकच्या रिक्षातून वस्तीत गेली. इतकी वर्षं तिने जयंती रस्त्याच्या कडेने जाता जाता पाहिलेली. मांडवात बसली ती पहिल्यांदाच. लताबाई पांढरी साडी नेसून पुढे उभ्या राहिल्या. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. कोरसने धृपद घोळवलं. आणि लताबाई थांबल्या.

ढोलकीवाल्याने एक आवर्तन जाऊ दिलं, मग आणखी एक. लताबाईंचे हात हवेत उगाच काहीतरी लाटत होते, पण हाताखाली पोळपाट नव्हता. मागच्या बाया एकमेकींकडे बघू लागल्या. संचाच्या म्होरक्या गोजराबाई जुनं, सगळ्यांना पाठ असलेलं गाणं धरायला पुढे सरकल्या.

तेव्हा मांडवातून उज्वला उठली. तिला गाता येत नाही. टेबलावरून गिऱ्हाइकाला हाक मारावी तशा कोरड्या, चढ्या आवाजात तिने ओळी म्हटल्या:

‘शाई नाही आली हाती, माये, राहिलं गं पीठ
पण नात तुझी कायद्याचं पान वाचतीया नीट’

लोक वळून बघू लागले. लताबाईंनी ओळ उचलली. अशी उचलली, की पुढच्या रांगेत बसलेली त्यांची लेक हर्षाली, जी खरंच वकिली शिकतेय, तिने ओढणीत तोंड लपवलं. कोरस चढला, टाळ्यांचा ठेका धरला गेला, आणि ते कडवं लोकांनी तीनतीनदा म्हणायला लावलं.

खाली उतरल्यावर लताबाई गर्दीतून वाट काढत तिच्यापाशी आल्या. “तू कधी गं पाठ केलंस?”

“पाठ नाही केलं मावशी,” उज्वला म्हणाली. “डोक्यातून पुसलंच जाईना.”

लताबाईंनी तिचा हात धरून तिला आपल्या शेजारी बसवलं. “मग राहू दे तुझ्यापाशी,” त्या म्हणाल्या, “पुढच्या वर्षी लागंल.”