रविवारची रिकामी पिशवी
ओल्या रबरी बुटांचा वास आला की मला इंग्लंडातल्या लीड्समधला एक रविवार आठवतो. लग्न होऊन मी नुकतीच कोकणातून तिथे गेले होते. आमचे हे दर रविवारी गळ घेऊन कापडगिरणीमागच्या ओढ्यावर जात आणि रिकामी पिशवी घेऊन परत येत. विचारलं की म्हणत, “लागला नाही.” उन्हाळा संपला, पानं गळायला लागली, तरी घरात एक मासा आला नाही. मी खाडीकाठची, मला हे पटेना. गल्लीतली मराठी शेजारीण म्हणाली, “अगं, बाई असेल कोणीतरी.” मग साडीवर कोट चढवून मी ह्यांच्या मागोमाग गेले. हे एकटेच रबरी बूट घालून गुडघाभर पाण्यात उभे राहून गळाला बांधलेली पिसाची खोटी माशी पाण्यावर अलगद टाकत होते. चांगला हातभर ट्राउट मासा गळाला लागला. ह्यांनी तो ओंजळीत धरला आणि सोडून दिला. मी काठावरून ओरडले, “अहो, कालवणाचं काय?” हे दचकले. “गिरणीचं घाण पाणी आहे, खायचा नसतो. नुसता पकडायचा.” “मग मला खोटं का सांगितलंत?” “तू हसली असतीस.” बाई नव्हती, तेवढं बरं झालं. पण हाती आलेला मासा सोडून देणाऱ्या माणसावर माझा पुरता विश्वास आजही बसलेला नाही.