चिंचवडला मावळलेला मध्यरात्रीचा सूर्य

मंगळवार, ८ फेब्रुवारी १९५५, सकाळी साडेदहा वाजता नॉर्वेतला मध्यरात्रीचा सूर्य चिंचवडला, नानासाहेबांच्या ओसरीवर, सर्वानुमते मावळला. सर्वानुमते म्हणजे मी सोडून. मी त्या वेळी मुंबईला पासपोर्टच्या कचेरीत, तोच सूर्य पाहायला लागणारा पासपोर्ट घेत उभी होते.

नानासाहेब हे आमच्या सफरीचे चालक. ते एकदा विलायतेला जाऊन आले आणि तेव्हापासून दर वाक्यात एकदा जाऊन येतात. येत्या जूनमध्ये चौदा जणांना बोटीने युरोपात आणि तिथून आगगाडीने नॉर्वेला नेण्याचं त्यांनी जाहीर केलं, तेव्हा नाव देणारी मी पहिली. कॅम्पातल्या कॉन्व्हेंटात असताना एका सिस्टरने पृथ्वीचा गोल कलता धरून दाखवलं होतं, की उत्तरेच्या टोकाला उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही. पुढे तीस वर्षं तेच मी मुलींना शिकवलं. एकदा एकीने विचारलं, "बाई, तुम्ही पाहिलाय?" मी तिला खाली बसायला सांगितलं. उत्तर नसलं की शिक्षक हेच करतात. आता शाळा सुटली आहे, तेव्हा ते उत्तर स्वतः जाऊन आणायचं होतं.

अशा सफरीचा विचार करणाऱ्यांसाठी तयारीची हकिगत लिहिते, कारण तूर्त मला तेवढाच प्रवास घडला आहे.

पहिला मुक्काम पुणे. चिंचवडहून सकाळची गाडी धरावी, स्टेशनाबाहेर टांगा करावा आणि भाडं पाय वर टाकण्याआधी ठरवावं. देवीची लस टोचून घ्यावी लागते. दंड चार दिवस सुजतो, तेव्हा त्या दिवसांत पोळ्या लाटायला दुसरं कोणी असेल असं पाहावं. तिथेच फोटो काढला. फोटोवाला म्हणाला, "हसू नका." ही सूचना मला आयुष्यात प्रथमच कोणी केली.

दुसरा मुक्काम घरीच. पासपोर्टच्या अर्जाची चौकशी करायला जमादार आला. खुर्चीवर बसून त्याने वही उघडली.

"यजमानांचं नाव?"

"लग्न केलं नाही."

"मंग परदेशी जायाला परवानगी कुनाची?"

"सरकारची. तुम्ही सरकारातून आलात ना?"

"व्हय." त्याने बराच वेळ पेन्सिल चावली. "पर तिकडं काय झालं-बिलं, तर जबाबदार कोन?"

"मी."

"आन् तुमालाच काय झालं तर?"

यावर मी त्याला चहा दिला. प्रश्न चांगला होता.

तिसरा मुक्काम मुंबई. आदल्या दिवशी जाऊन गिरगावात एका जुन्या विद्यार्थिनीकडे उतरले. कचेरी उघडण्याच्या तासभर आधी रांगेत उभं राहावं आणि त्याआधी जवळच्या इराण्याकडे ब्रून-मस्का आणि चहा घ्यावा, कारण आत गेल्यावर फक्त 'बसा' मिळतं. कोणत्या देशांत जाता येईल त्यांची नावं पासपोर्टात शाईने लिहितात. 'नॉर्वे' लिहिताना कारकुनाने अक्षर बरं काढलं. साडेदहा झाले होते. समोर भिंतीवर घड्याळ होतं म्हणून इतकं नेमकं सांगते.

संध्याकाळी चिंचवडला उतरले, तर फलाटावर यमुनाबाई उभ्या. या माझ्या शेजारीण, आणि सफरीतही बरोबर येणार आहेत.

"बाई, आधी घरी चला, चहा घ्या," त्या म्हणाल्या. "मग सांगते."

"आत्ता सांगा."

"उत्तरेकडचा आठवडा काढून टाकला."

मी पिशवीसकट नानासाहेबांकडे गेले. कारण असं, की जूनमधली संकष्टी नेमकी त्याच आठवड्यात येते. आमचं गाव मोरयाचं. इथे चंद्र उगवल्याशिवाय संकष्टीचा उपास सुटत नाही. गुरुजींनी पंचांग पाहिलं, नानासाहेबांनी नकाशा पाहिला, आणि दोघांनी शोध लावला, की जिथे सूर्य मावळत नाही तिथे त्या दिवसांत चंद्र उगवेलच असं नाही. भूगोल अगदी बरोबर होता, म्हणून राग अधिक आला.

"अकरा माणसं उपासाची आहेत, बाई. परक्या देशात उपाशी मरतील."

"पुढच्या संकष्टीपर्यंत?"

"थट्टा नको. बायकांच्या श्रद्धेचा प्रश्न आहे."

"मग त्या आठवड्यात पाहायचं काय?"

"डेन्मार्कमध्ये दुधाचा कारखाना. अगदी अद्ययावत."

पिंपरीला पेनिसिलीनचा कारखाना उभा राहतो आहे. रोज संध्याकाळी मी तिकडेच फिरायला जाते. कारखाना पाहायला मला समुद्र ओलांडावा लागत नाही.

यमुनाबाई माझ्या मागून आल्या होत्या. चाळीस वर्षांत त्यांची एक संकष्टी चुकलेली नाही. "नानासाहेब, मला विचारायचं होतंत," त्या म्हणाल्या. "घड्याळ चिंचवडचंच ठेवायचं. इथे चंद्र वर आला, की तिथे घास घ्यायचा. देव काय बिऱ्हाड घेऊन आपल्याबरोबर निघालाय?"

"आता ठराव झाला, वहिनी."

झाला खरा. ज्यांच्या श्रद्धेसाठी तो झाला, त्या बायका तेव्हा स्वयंपाकघरात ठराव करणाऱ्यांचा चहा गाळत होत्या.

घरी आले. या प्रवासातून माझ्याजवळ राहिलं ते इतकंच: दंडावर लसीचा व्रण, न हसलेला फोटो, आणि शाईने लिहिलेलं एका देशाचं नाव. त्या मुलीला द्यायचं उत्तर अजून बाकी आहे.

नानासाहेब हे वाचतील, कारण यात त्यांचं नाव आहे. त्यांनी लेखी कळवावं, की उत्तरेकडचा आठवडा परत घातला की नाही, आणि नसेल तर नेमका कोणाच्या उपासासाठी. 'पाहू' हे उत्तर धरलं जाणार नाही. नकार आला, तर मंडळींनी खुशाल दूध पाहावं. यमुनाबाई आणि मी ऑस्लोहून उत्तरेची गाडी धरू. माझ्या पासपोर्टात नॉर्वे लिहिलं आहे, कारखाना नाही. यमुनाबाईंनी घड्याळ दुरुस्त करून आणलं आहे.

उत्तराची मुदत सोमवार, २१ फेब्रुवारी, सूर्यास्तापर्यंत. चिंचवडला तो रोज होतो.