घोट्याखालचं पाणी

माझे सासरे समुद्र पायांनी ओळखायचे. लग्न होऊन देवबागला आले तेव्हा मला हे खोटंच वाटलं होतं. मी वरच्या गावची, भातशेतीवाल्यांची, नववीत शाळा सुटलेली, आणि समुद्र मी लग्नाआधी दोनदाच बघितला होता, तोही लांबून.

आमच्या वाडीची रापण होती. रापण म्हणजे मोठं जाळं, ते होडीतून अर्धगोल सोडत जायचं आणि मग दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून चाळीसेक माणसांनी ओढायचे. जाळं कधी टाकायचं ते ठरवणारा एकच, त्याला तांडेल म्हणतात, आणि आमचा तांडेल म्हणजे माझे सासरे. पाऊस सरला की रोज उजाडताना, वारा पडलेला, लाट नाही, अशा वेळी ते लुंगी वर खोचून गुडघाभर पाण्यात जाऊन उभे राहायचे. बोलायचे नाहीत. तळपायाला गार आणि गुडघ्याला कोमट असं दोन थरांचं पाणी लागलं की हात वर करायचे. खोलातलं गार पाणी तळातळानं काठाकडे सरकतं आणि बांगडा त्याच्यापुढे पळत येतो, असं त्यांचं म्हणणं. पाणी वरखाली एकसारखं असलं तर मागे फिरायचे, आणि चाळीस माणसं मुकाट घरी जायची. त्यांना कुणी काही विचारल्याचं मी कधी ऐकलं नाही.

दोन हजार दोन की तीन साल असेल. माझी मुलगी चार महिन्यांची होती. त्या वर्षी सासऱ्यांचा हात वर झाला, जाळं टाकलं, आणि मासा आला नाही. एकदा नाही, चार वेळा. ओढून ओढून हात सोलायचे आणि शेवटी जाळ्यात ते काचेसारखे लिबलिबीत गोळे, हात लावला की आग होणारे, आणि थोडा कचरा. माणसं मोठ्या बोटींना शिव्या घालायची, सगळा मासा बाहेरच मारतात म्हणून. सासऱ्यांना कुणी काही म्हणालं नाही. पण माणसं त्यांच्याकडे बघायला लागली होती.

एके दिवशी नवरा जेवताना म्हणाला, "दिवाळीपर्यंत बघतंय. नाय तर गोव्याक जातंय, ट्रॉलरार."

माझ्या हातातला भात तसाच राहिला. त्याचा मोठा भाऊ असाच गोव्याला ट्रॉलरवर गेला होता. माझ्या लग्नाच्या आधीची गोष्ट. रात्रीचा पाण्यात पडला म्हणाले, कुणी बघितला नाही, आणि घरी आली ती त्याची पिशवी. आत दोन शर्ट आणि साबण. सासूबाई तेव्हापासून बोलतात ते कामापुरतं.

मी म्हटलं, "तुमचो भाऊ गेलो तसो?"

"तेचा नाव काढू नको गो."

"मगे कोणाचा काढू?"

तो उठून हात धुवायला गेला. नंतर मी ओट्यावर बसून पोरीला पाजत होते आणि माझं दूध येत होतं की नाही तेसुद्धा मला कळत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की एक पिशवी येणार.

दिवाळीला पंधरा दिवस होते. सासरे रोज संध्याकाळी ऊन पाण्यात पाय सोडून बसत. मी घमेल्यात पाणी ओतून द्यायचे. त्या दिवशी चुलीवरचं उकळतं पाणी ओतलं आणि गार पाण्याचं विसण घालणार तोच पोर रडली, मी धावत आत गेले, तिला उचललं, आणि विसण घालायचं राहिलं ते राहिलंच. परत आले तर सासरे आरामात बसलेले, दोन्ही पाय घमेल्यात, वर वाफ, आणि मला सांगतायत की उद्या वारा दक्षिणेचा असेल. पाय शिजलेल्या कोळंबीसारखे लाल.

मी पोरीला तिथेच जमिनीवर ठेवलं आणि त्यांचा पाय ओढून बाहेर काढला. कातडी माझ्या बोटांना लागून आली.

"बाबा, पाणी उकळता आसा ता."

"मगे?"

"भाजला नाय तुमका?"

त्यांनी पायाकडे बघितलं, दुसऱ्या कुणाचा पाय असावा तसं. मग हळू म्हणाले, "भाजला काय गो?"

तेव्हा मला कळलं. त्यांच्या पायांना काही लागतच नव्हतं. मालवणच्या डॉक्टरनी त्यांना साखर आहे असं सांगितलं होतं, ते आम्हाला माहीत होतं. पायाचं त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"कधीपासून?"

"गेल्या पावसापासून. पयलो डावो गेलो, मगे उजवो."

"मगे हात कित्या वर करतास?"

खोबरेल मी लावत होते, त्यांना ते लागत नव्हतं. मग म्हणाले, "सगळी बघत रवतत. किती दिस नुसतो मागे फिरू?"

मला राग यायला हवा होता. माझा नवरा चालला होता, आणि ह्यांचा हात उगाच वर जात होता. पण राग आला नाही, भीतीच एवढी होती की दुसऱ्या कशाला जागा नव्हती. मी म्हटलं, तुमच्या मुलाला सांगते. ते म्हणाले, सांग. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सांगलंस तर तो उद्याच जातलो. दिवाळीची वाट पण बघूचो नाय."

ते खरं होतं. बापाच्या हातावरच तो थांबला होता.

मग त्यांनी पोरीकडे बोट केलं. "हिच्या आंघोळीचा पाणी कसा बघतंस?"

"कोपरान."

"तसाच पायान बघूचा. डोक्यान बघू नको."

दुसऱ्या दिवसापासून मी पाण्यात. सासऱ्यांच्या पायाला फडकी गुंडाळलेली होती म्हणून निमित्त चांगलं होतं, त्यांना आधार द्यायला सून. पोर एका काखेत, कारण सासूबाई तोवर चुलीशी असत, आणि दुसऱ्या हाताला सासरे. मला पोहता येत नाही. पायाखालची वाळू सरकली की मी सासऱ्यांचा हात घट्ट धरायचे. ते भाजलेले पाय खाऱ्या पाण्यात घालून उभे राहायचे आणि तोंडावर एक रेष हलायची नाही, आणि हुळहुळायचे ते माझे पाय.

शेजारची एक बाई, रापणीला नेहमी दोराच्या पुढच्या टोकाला असायची, ती ओरडून म्हणाली, "तांडेला, भातातली सून पाण्यात कित्या हाडलंस रे?"

सासरे म्हणाले, "भात पण पाण्यातच उगावता मा."

माणसं हसली. मी पण हसल्यासारखं केलं. मग ते ओठ न हलवता विचारायचे, "वर?" मी म्हणायचे कोमट. "खाली?" मी म्हणायचे कोमट. ते मागे फिरायचे. एक दिवस, दोन दिवस, सहा दिवस. ऑक्टोबरचा उकाडा, समुद्र नुसता पेजेसारखा. मी रात्री अंथरुणात पडल्या पडल्या पाय हलवून बघायचे, पाय बरोबर आहेत ना म्हणून.

मग नाक्यावरच्या दुकानात गोव्याहून फोन आला, ट्रॉलरवर एक माणूस कमी आहे, सोमवारी या. नवऱ्यानं दिवाळीची पण वाट बघितली नाही. शनिवारी सकाळी मी पाण्यात उभी होते, पाणी कोमट होतं, वर कोमट, खाली कोमट, आणि सासऱ्यांनी विचारायच्या आत माझ्या तोंडातून गेलं, "गार आसा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. हात वर केला.

होडी गेली. चाळीस माणसं अडीच तास ओढत होती. माझा नवरा दोर कमरेला बांधून सगळ्यांच्या पुढे, पाठ घामानं चकचकीत, आणि मी वाळूत पोरीला घेऊन बसले होते आणि मनात देवाला नाही, माशांना विनवत होते. जाळ्यात ते काचेचे गोळे आले. ढीगभर. एका म्हाताऱ्यानं दोर खाली टाकला आणि समुद्राकडे बघून म्हणाला, "तांडेलाक आता विश्रांती देवक व्हयी." कुणी त्याला गप्प केलं नाही.

सासरे म्हणाले, "माजा चुकला." एवढंच.

घरी आल्यावर मी त्यांच्यासमोर बसले, पाय बांधायला. ते म्हणाले, "सगळा पाणी गार होता?"

"होता."

"वर पण?"

"वर पण."

"मगे तू पाणी बघूक नाय. हे दिसांत पाणी कधी सगळा गार नसता." मग दुसरा पाय पुढे करून, "माका दोन झील होते गो, एक ट्रॉलरार गेलो. तू कित्या बोललंस ता माका कळूक नाय?"

मी फडक्याची गाठ बांधत राहिले.

सोमवार उजाडला. नवऱ्यानं पिशवी भरली, दोन शर्ट, साबण मीच ठेवला, काय करणार. दहाची एसटी. मी सासऱ्यांना घेऊन पाण्यात गेले. शनिवारनंतर माणसं कमी आली होती, पंचवीस असतील. "वर?" कोमट. "खाली?" मी डोळे मिटले. मला गार हवं होतं, एवढं हवं होतं की अंगावर काटा आला, आणि तो काटा पाण्याचा नव्हता ते मला कळलं. मी म्हटलं, "नाय. एकच आसा."

ते मागे वळले. माणसं उठून कपडे झाडायला लागली. सासरे मला ओढत होते आणि मला हलता येईना. पोर खांद्यावर झोपलेली. मला वाटलं इथेच उभी राहते, घरी गेले तर नवऱ्याला निघताना बघावं लागेल. सासरे पण थांबले. किती वेळ गेला माहीत नाही. सूर्य माडांच्या वर आला होता, पाठ तापली होती.

आणि मग बोटांच्या बेचक्यातून काहीतरी गेलं. आधी वाटलं मासा. मासा नव्हता. विहिरीचं पाणी चैत्रात पायावर ओतलं की लागतं तसं, आणि ते आलं ते गेलं नाही, टाचेला लागलं, मग घोट्याला.

"बाबा."

"काय?"

"गार."

ते शनिवारसारखेच माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, "पोरीची शपथ—"

"शपथ नको. खंयपर्यंत?"

"घोट्यापर्यंत. घोट्याच्या वर कोमट. पिंढरीक कोमट."

त्यांनी हात वर केला. वाळूवरची माणसं बघतच राहिली. ती दोराच्या टोकाची बाई म्हणाली, "म्हातारो येडो झालो." पण हात वर झाला की होडी जाते, तसा नेमच आहे, शिव्या घालत का होईना गेली.

दोर किनाऱ्याला लागले तेव्हा नवरा पिशवी खांद्याला लावून वाळूवर आला, बापाच्या पाया पडायला. नऊ वाजून गेले असतील. आमच्याकडे रापण लागली असताना त्या वाळूवरून कुणी तसाच जात नाही. पोस्टमन असो, शाळेतले गुरुजी असोत, दोराला हात लावायचा, थोडा ओढायचा, मग पुढे. तो सासऱ्यांपाशी आला, वाकला, आणि सासरे म्हणाले, "दोराक माणसा कमी आसत."

"माजी गाडी चुकतली."

"हात लाव आणि जा."

त्यानं पिशवी माझ्या पायाशी ठेवली आणि दोराला हात लावला. आणि मला त्याची पाठ दिसत होती. दोर जड होता. पहिल्यांदा त्यालाच कळलं, तो थांबला, दोर दोन्ही हातांनी चाचपला, मागे वळून बापाकडे बघितलं आणि शर्ट काढला. दोन तासांनी जाळ्याचं पोट दिसलं तेव्हा आत पाणी उकळल्यासारखं चाललं होतं. बांगडा. फार मोठी रापण नव्हती, म्हातारी माणसं ह्याहून मोठ्या सांगतात. पण सगळ्यांच्या टोपल्या भरल्या. मधे कधीतरी रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला. तो मी ऐकला. त्यानंही ऐकला असेल.

"म्हाताऱ्याचे पाय अजून आसत हां," ती बाई म्हणाली. मी पायाची वाळू झाडत राहिले.

संध्याकाळी बांगड्याचं तिखलं केलं. सासूबाईंनी माझ्या ताटात दोन तुकडे जास्त वाढले, "पाजतंस," म्हणाल्या. नवरा जेवला, उठला, आणि त्यानं पिशवी खुंटीला अडकवली. रिकामी केली नाही. शर्ट आत, साबण आत.

पुढे सासऱ्यांचा एक अंगठा काढावा लागला, आणि ते कडेला खुर्चीवर बसायला लागले आणि मी एकटी पाण्यात. पण ते नंतरचं. त्या मोसमात रोज पहाटे उठले की मी आधी खुंटीकडे बघायचे. पिशवी असायची. मग पोरीला उचलायचे, सासऱ्यांना हात द्यायचे आणि पाण्यात जाऊन उभी राहायचे, आणि पाय टाकायच्या आधी प्रत्येक वेळी मनाला सांगायचे, तुला काय हवं ते विचारलेलं नाही, पाणी कसं आहे तेवढं सांग.