चाळण्या घेऊन सभेला

माझं मंगळसूत्र नाल्याच्या पुलापलीकडे ओढून नेलं. सातपूरच्या कंपनीतून सुटून मी बसमधून उतरले होते. थांबा पलीकडे, आणि रस्त्याला दिवा नाही. मोटारसायकलवर दोघे होते. मानेवर वळ उठला. दुसऱ्या दिवशी कॉलनीचा चेअरमन देवळासमोर सगळ्यांदेखत म्हणाला, "एवढं सोनं घालून बसने हिंडायचंच कशाला, वहिनी?" चार जण हसले. मी पदर मानेवरून ओढून घेतला आणि घरची वाट धरली. माझं माहेर निफाडचं, द्राक्षवाल्यांचं. छाटणीची वेळ यावी लागते, हे मला कळतं.

ती वेळ बसमुळेच आली. रस्त्याच्या मधोमध फक्त बससाठी वेगळी मार्गिका होणार होती आणि थांबे कुठे हवेत, हे महापालिका सभा घेऊन लोकांना विचारणार होती. नकाशात आमचा थांबा पुलाच्या अलीकडे, कॉलनीच्या तोंडाशी होता. पण तिथेच चेअरमनचं फर्निचरचं दुकान. थांबा झाला की दुभाजकातली वाट बंद आणि गिऱ्हाइकांच्या गाड्यांना लांबचा वळसा. त्याला थांबा होता तिथेच, अंधारात हवा होता.

सभेची वेळ त्यानेच ठरवली. संक्रांतीनंतरचा शुक्रवार, संध्याकाळी, देवळाच्या सभामंडपात. बायका हळदीकुंकवाला जाणार, नोकरीवरचे पुरुष उशिरा येणार, उरणार तो आणि त्याचे दुकानदार. बेत चोख होता. फक्त त्या शुक्रवारचं हळदीकुंकू कोणाकडे आहे, हे त्याने घरात विचारलं नव्हतं.

त्याच्याकडेच होतं.

अख्ख्या कॉलनीतल्या बायका त्याच्या दिवाणखान्यात बसल्या होत्या. अत्तर, तिळगूळ, वाणात एकेक स्टीलची चाळणी. मी त्याच्या बायकोला म्हटलं, "देवळात सभा चाललीय. थांबा नाल्यापलीकडेच ठेवा म्हणतायत. तुमची लेक कॉलेजातून बसनेच येते ना?"

कुंकवाचं बोट तसंच वर राहिलं. "हे तर मला म्हणाले, थांबा आपल्या दारात येणार."

"मग चला, विचारू."

"अगं, आज तरी गोड बोलायचं असतं," कोपऱ्यातल्या काकू म्हणाल्या.

"गोडच बोलू, काकू. उठा."

काठापदराच्या साड्या, कपाळभर कुंकू, हातात चाळण्या, अशा आम्ही सभामंडपात शिरलो तेव्हा चेअरमन माइकवर सांगत होता, "आमच्या महिलावर्गाचाही याला पाठिंबा आहे."

"माइक द्या," मी म्हटलं. "महिलावर्ग आलाय."

त्याला बायको दिसली. "तू घरी जा," तो दबक्या आवाजात म्हणाला, पण माइक चालू होता.

"घरीच होते," ती म्हणाली. "सगळ्या आपल्याकडूनच आल्यात."

त्याचे दुकानदारसुद्धा हसले. मग मी पूल, अंधार आणि माझी मान, तिन्ही सांगितलं. महापालिकेच्या अभियंत्याने विचारलं, "थांबा अलीकडे कोणाला हवा?" हात वर गेले, चाळण्यांसकट. तो म्हणाला, "ताई, चाळण्या खाली ठेवा हो, हात मोजता येईनात!" पहिला हात चेअरमनच्या बायकोचा होता. मी मात्र त्याच्याच तोंडाकडे बघत होते. ते बघायलाच मी आले होते.

मार्गिकेचं काम अजून रखडलंय. पण थांब्याची जागा पक्की झाली, खांब रोवला गेला आणि साध्या बस तिथे थांबू लागल्या. रोज संध्याकाळी मी त्याच्या दुकानासमोर उतरते. नवं मंगळसूत्र केलंय, आधीपेक्षा लांब. उतरताना पदराबाहेर काढते आणि तो काचेतून बघेपर्यंत उभी राहते.