हेमराजचं कर्नेल

माणूस गेला की एक पर्व संपतं, असं शोकसभेत म्हणायची पद्धत आहे. हेमराज टेंभरे गेल्याचा फोन आला तेव्हा दवनीवाड्याच्या आमच्या शाळेत तिसरा तास चालू होता. चौथा वेळेवर सुरू झाला. त्याच्या भावाने मोजकंच सांगितलं... सकाळी धानाच्या बांधीवर जाऊन आला, चहा मागितला, आणि चहा येण्याआधी गेला.

हेमराज आमचा प्रयोगशाळा सहायक. घरी धानाची शेती, शाळेत परीक्षानळ्या, आणि दोन्हींतून उरलेला वेळ लिनक्सला. शाळेला कुठून तरी दहा जुने संगणक मिळाले होते. सुरू करून ठेवावेत आणि प्रार्थना आटोपून यावं, इतके जुने. हेमराजने त्यांवर लिनक्स घातलं. मग त्याचं कर्नेल, म्हणजे डिस्कपासून नेटपर्यंत सगळं हलवणारा गाभा, नको ते भाग पाखडून नव्याने बांधायला घेतलं. मला त्यातलं काही कळत नसे. मुख्याध्यापक असल्यामुळे मी मान हलवत असे.

दोन वर्षांपूर्वी तपासणीचं पत्र आलं. संगणक चालू दिसले नाहीत तर दहाही गोंदियाच्या एका शाळेत हलवले जाणार होते. मग आमच्या मुलींना प्रवेशाचे अर्ज भरायलाही ऑटो करून गोंदिया गाठावं लागलं असतं. मी माझ्या परीने तयारी केली. हार मागवले, टेबलांवर निळ्या चादरी अंथरायला लावल्या. हेमराजने आदल्या दिवशी कर्नेल पुन्हा बांधून सगळीकडे चढवलं, साहेबांसमोर संगणक झटकन सुरू व्हावेत म्हणून. आयुष्यात एकदा त्यालाही थाट करावासा वाटला.

सकाळी दहाही पडद्यांवर एकच ओळ थिजली होती. डिस्क सापडत नाही. हेमराज मिशीतल्या मिशीत हसला. डिस्क वाचायचा भाग त्याने गाभ्यात न घेता डिस्कवरच ठेवला होता.

"कोठीची किल्ली कोठीत ठेवून कुलूप लावलं, सर."

एका संगणकावर त्याने नव्याच्या जोडीला जुनं कर्नेलही राखून ठेवलं होतं. ते सुरू करून त्याने चूक सुधारली आणि नवं कर्नेल पेन ड्राइव्हने बाकी नऊंवर नेलं. ते पटापट सुरू झाले, पण एकावरही नेट नव्हतं. जुन्या कर्नेलवाल्यावर मात्र होतं. म्हणजे लाइन ठीक होती. हेमराज थोडा वेळ चादरींकडे पाहत राहिला. आदल्या दिवशी त्या अंथरताना शिपायाने नेटच्या यूएसबी पिना उपसून ठेवल्या होत्या, त्या संध्याकाळी परत खोचल्या, आणि मधल्या वेळात कर्नेल बांधताना हेमराजने जोडलेलं दिसलं तेवढंच घेतलं होतं. बाकी पाखडून टाकलं, त्यात नेटही गेलं.

तेवढ्यात फाटकात जीप आली. मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, एकावर नेट दाखवू, बाकी नऊंवर शाळेचे फोटो लावू. साहेब काही प्रत्येक खुर्चीत बसून पाहणार नाहीत.

"दहा पोरी अर्ज भराले बसतीन तवा नऊंना फोटो दाखवता का, सर? खोटं कायले बोलाचं? चूक माही आहे, मीच सांगतो."

त्याने सांगितलं. चादरींचा उल्लेख केला नाही, हे मी विसरलेलो नाही. साहेबांनी विचारलं, "कितना टाइम लगेगा?" हेमराज म्हणाला, पाऊण तास. साहेब थांबले. खरेपणाने ते हेलावले, असं मी पुढे बऱ्याच भाषणांत सांगितलं. वास्तविक साहेबांच्या जेवणाचा भात शिजायचा होता.

पाऊण तासाने दहाही संगणकांवर नेट आलं. ते आजही आमच्याकडेच आहेत, आणि दर उन्हाळ्यात मुली तिथेच अर्ज भरतात. चादरी शिपायाने घरी नेल्या.

गेल्या महिन्यातल्या शोकसभेत संगणकांच्या खोलीला हेमराजचं नाव द्यायचा ठराव झाला. पितळी पाटी करायची, एवढं ठरलं. मजकूर मी लिहायचा. तो सुचेना म्हणून परवा त्या खोलीत जाऊन बसलो आणि एक संगणक सुरू केला. पडद्यावरून धावणाऱ्या ओळींत कर्नेल बांधणाऱ्याचं नाव आपोआप येतं, हे मला ठाऊक नव्हतं. मग बाकीचेही सुरू करून पाहिले. दहाही ठिकाणी हेमराज असं येतं. शेजारी, ते कितव्यांदा बांधलं, तो आकडा असतो.

एकतीस.