शहाळ्यातला सूर आणि दोन दिवसांचा नवरा

माझं लग्न कधीच झालं नाही. तरी एका शनिवार-रविवारपुरता मला नवरा होता, आणि माणूस म्हणून तो अगदीच टाकाऊ होता.

त्याचा जन्म माझ्या घशातून झाला. चाळिशी उलटल्यावर मी बोईसरच्या कारखान्यातली सुपरवायझरची नोकरी आणि पुरुषाचे कपडे, दोन्ही सोडलं आणि केळव्याच्या आमच्या वाडीत पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या. साडी जमली, केस वाढले, गावही रखडत रखडत 'दादा'वरून 'ताई'वर आलं. राहिला आवाज. हार्मोनच्या गोळ्यांनी बाकी काय काय बदलतं, पण एकदा फुटलेला आवाज ढिम्म हलत नाही. तो शिकूनच बदलावा लागतो. म्हणून मी व्हिडिओ कॉलवर एक शिक्षिका धरली. माझ्या भाचीच्या वयाची, पण कडक.

"ताई, नुसतं बारीक बोलू नका, बारीक उंदीरही बोलतो," ती म्हणायची. "छातीत घुमतोय तो आवाज पुढे आणा, दातांच्या मागे."

गृहपाठ असा, की ग्लासभर पाण्यात स्ट्रॉ बुडवायची आणि बुडबुडे काढत गुणगुणायचं. आता वाडीत राहून ग्लास कशाला? मी शहाळं घ्यायचे. डोळे मिटून त्यात 'ऊऽऽ' सोडायचे, खालून वर, वरून खाली. स्वयंपाकाला माझी मावशी असते. ती मासळी साफ करता करता ऐकायची. एकदा म्हणाली, "प्यायचं नाय तं सोड गो त्याला. कवाचं रडतंय."

शिक्षिकेची एक ताकीद होती. खोकला, हसू आणि आरोळी सांभाळायची. आपण बेसावध असलो की जुना आवाज तिथूनच निसटतो.

मला हवं होतं ते अगदी थोडं. फोन उचलावा आणि पलीकडच्याने मॅडम म्हणावं. समोर आलेले म्हणायचेच. पण मुंबईची सगळी बुकिंगं फोनवर, आणि फोनवर मी कायम 'सर'.

एके दुपारी फोन वाजला. मी पोटभर जेवून उठले होते, आवाज पार तळाला बसलेला. 'हॅलो' म्हटल्याबरोबर पलीकडून हुकूम आला, "आमचं महिला मंडळ आहे, सगळ्या बायकाच येणार. घरातल्या बाईंना द्या जरा."

घरातली बाई मीच, हे सांगायला तोंड उघडलं, पण ते ज्या आवाजात सांगायचं तो अजून वर यायचा होता. मग अंगातलं नाटक जागं झालं. फोन हातभर लांब धरला आणि कारखान्यातल्या आवाजात ओरडले, "अगं ए, फोन आहे तुझा." जागच्या जागी पाय वाजवले, शहाळ्यातला सूर लावला आणि म्हणाले, "हं, बोला ताई."

"मिस्टर का तुमचे?"

"हो ना," मी म्हणाले. इतक्या गोड आवाजात मी आजवर खोटं बोलले नव्हते.

शनिवारी मंडळ आलं. पहिल्याच चहाला प्रश्न, मिस्टर दिसत नाहीत? आता नवरा जिवंत ठेवणं भाग होतं. मी स्वयंपाकघरात जायचे, तिथून गुरगुरायचे, "माझा चहा कुठाय?" आणि लगेच नाजूकपणे, "आणते हं." मावशी कपाळाला हात लावून म्हणायची, "एवडा नवरा हाय तं बाजाराला धाड त्याला. आमी म्हाताऱ्यांनी किती जायाचं?"

संध्याकाळपर्यंत त्याची अब्रू गेली. मंडळाच्या अध्यक्षा म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी मला बाजूला घेतलं. "बाई, तू सकाळपासून राबतेस आणि तो नुसता आतून ओरडतो. एक तांब्या तरी भरला का त्याने?" खरं सांगायचं तर मला त्याचा हेवा वाटत होता. कुणालाही माझ्या आवाजाचा संशय आला नव्हता, पण ते श्रेय त्याचं होतं. त्या रेड्याशेजारी कुणीही कोकिळा वाटली असती. तो नसता तर माझा आवाज एकट्याने तग धरेल का, हे मला ठाऊक नव्हतं.

रविवारी सकाळी नारळ उतरवायला पाडेली माडावर चढला. त्या वेळी खाली थांबायचं नसतं, हे आमच्या कोंबड्यांनाही कळतं. अध्यक्षाबाई मात्र नेमक्या बुंध्याशी उभ्या राहून, मोबाइल वर धरून त्याचा फोटो काढत होत्या. मी स्वयंपाकघराच्या दारात, हातात डाव. वर कोयता उगारलेला दिसला आणि माझ्या छातीतून कारखाना निघाला.

"ए, हटो! पीछे हटो!"

बाई टुणकन मागे उडाल्या. घड त्यांच्या जागी आदळला.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण माझ्यावर नजर कुणाचीच थांबली नाही. सगळ्या माझ्या खांद्यावरून आत त्याला शोधत होत्या. अध्यक्षाबाई पदर सावरत म्हणाल्या, "जीव वाचवला, उपकार झाले. पण बायकांशी बोलायची ही काय रीत? बोलाव त्यांना बाहेर." आणि मला बाजूला सारून अख्खं मंडळ स्वयंपाकघरात शिरलं. आत फक्त मावशी बोंबील कापत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "इथं कोण नाय. तीच वरडली."

मी सूर शोधला. आरोळीने घसा फाटला होता, वरचा आवाज लागेना आणि खालचाही. मधलाच कुठलातरी घोगरा आवाज आला. त्यातच फोनपासून शहाळ्यापर्यंत सगळं सांगितलं. आता या बॅगा भरणार, असं धरून चालले.

अध्यक्षाबाईंनी दारामागे एकदा वाकून पाहिलं. मग म्हणाल्या, "म्हणजे कालपासून मी ज्याच्या नावाने बोटं मोडतेय, तो नाहीच?"

"नाही."

"आणि घरातलं सगळं तूच करत होतीस."

"हो."

"मग माझं म्हणणं बरोबरच होतं," त्या म्हणाल्या. "बस तू. चहा मी टाकते."

मला हसू फुटलं, ते जुन्याच आवाजात. कुणी दचकलं नाही. साखरेचा डबा कुठाय, एवढंच एकीने विचारलं.

तेवढ्यात फोन वाजला. "हॅलो सर, पुढच्या शनिवारी खोल्या मिळतील का?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. शहाळं जवळ नव्हतं, नवराही नव्हता. होता तो घोगरा आवाज दातांच्या मागे आणला.

"सर गेले," मी म्हणाले.

पलीकडचा आवाज एकदम हळू झाला, "सॉरी मॅडम. कधी झालं हे?"

"आज सकाळीच. खोल्या किती हव्यात?"