खापरापाशी बसून बोलले ते

"हा आजार जाणारा नाही. त्याच्यासोबत राहायला शिकावं लागेल," धुळ्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. माझ्या मनात पहिला प्रश्न आला, आता आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मांडे कोण करणार?

आजाराचं नाव रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे सांध्यांचा जुनाट वात. बोटं सुजतात, सकाळी अशी आखडतात की लुगड्याची गाठही मारवत नाही. ॲस्पिरिननं ठणका उतरतो, आजार तिथेच राहतो.

सोनगीरजवळच्या आमच्या गावात माझे मांडे नावाजलेले. पुरण भरलेला कणकेचा गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत ताटाहून मोठा करायचा नि उपड्या, तापल्या खापरावर अलगद सोडायचा. हेच गेलं तर या घरात माझी किंमत काय? ही धास्ती मला दुखण्याहून जास्त होती. म्हणून घरी खोटंच सांगून टाकलं, "आंगमा रगत कमी शे."

डॉक्टरीणबाई दर बुधवारी बोलवत. बाकीचे पेशंट आटोपले की मला समोर बसवून म्हणत, "बोला." याला सायकोथेरपी म्हणतात, मनातली भीती बोलून बाहेर काढायची, असं त्यांनी समजावलं. मला वाटलं, बाईंना दुसरा उद्योग नाही! मी आपलं म्हशीचं नि कपाशीचं सांगत बसले. त्या तेही मन लावून ऐकत. असं ऐकणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

एकदा बोलता बोलता मांड्यांपाशी आले आणि रडूच फुटलं. बाईंनी खोटा धीर दिला नाही. फक्त विचारलं, "हे घरी कुणाला सांगितलंत?"

आखाजीला लेक आली. नव्या जावयाचीही पहिली आखाजी. खापर तापलं, मी गोळा उचलला आणि तो बोटांतून निसटून राखेत पडला. जमलेल्या बायका बघतच राहिल्या. मग मी बोलून टाकलं, "मना हात गयात. आते माले मांडा जमतस नहीत."

आता सासूबाई तोंड सोडणार, असं वाटलं. त्या जवळ आल्या नि स्वतःची वाकडी बोटं माझ्यापुढे धरली.

"मना बी दुखतस, माय. आज लगुन कोनले सांगं नही."

मी नवी नवरी असतानाच त्यांनी खापर माझ्या हवाली केलं होतं. सून येताच हिनं हात झटकले, असं गाव म्हणे. मीही म्हणे.

लेकीनं पदर खोचला. मी शेजारी बसून सांगत गेले, ती करत गेली. पहिले दोन फाटले. जावयानं तेच आधी मागून घेतले.

माझी बोटं अजून दुखतात. ज्यांना असं कायमचं दुखणं लागलंय त्यांना सांगते, गोळ्या घ्या, पण गप्प राहू नका. त्या डॉक्टरीणबाईंचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

पुढच्या बुधवारी मोटारीत सासूबाई माझ्या शेजारी होत्या. बाई त्यांना "बोला" म्हणाल्या. परतीची मोटार निघून गेली तरी सासूबाईंचं बोलणं संपलं नव्हतं.